ताईचे आठ घोडे

ताईचा मोडला होता हात, पण मनगटात धातूची पट्टी बसवून ती कारखान्यात परत आल्यापासून सगळे तिच्याशी असे बोलत होते, की जणू डोकंच मोडलंय. मोठ्याने, सावकाश, आणि शेवटी ‘बरं का’ लावून. पॉलिशवाला तर एकदा म्हणाला, “ताई, या रंध्याच्या पात्याला धार आहे, सांभाळून बरं का.” त्या पात्याला धार ताईनेच लावली होती, डाव्या हाताने, सकाळी सकाळी, आणि हा बाबा दुपट्यात होता तेव्हापासून ती पात्यांना धार लावत आली होती.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. पुढे काचेचं दार, काउंटर, पंखा आणि भिंतीवर लाकडाचे नमुने. मागे खरं काम. मागे कामाचे दोन बाक होते. एक खिडकीपाशी, ताईचा, तिने स्वतः जोडलेला, चार माणसांनी उचलला तर उचलेल असा. दुसरा आतल्या दाराजवळ, तिच्या धाकट्या भावाचा. भावाला कामगार आणि गिऱ्हाइकं ‘शेठ’ म्हणत. ताई ‘गट्टू’ म्हणायची. लहानपणी तो तसाच होता, आणि मधली थोडी वर्षं सोडली तर परत तसाच झाला होता. त्याच्या बाकावर वर्षभरापासून रंगाचे डबे होते. शेठ आता काउंटरवर बसून फोनवर काम सांगत. उंटावरून शेळ्या हाकणं ताईला पटत नसे, पण गट्टू तिचा होता आणि शेळ्याही घरच्याच होत्या, म्हणून ती गप्प बसली होती.

त्या दिवशी गट्टू स्वतः दोन ग्लास चहा घेऊन मागे आला, तेव्हाच ताईने ओळखलं की काहीतरी बिघडलंय.

“बोल,” ती म्हणाली. “तू हाताने चहा आणलास म्हणजे मोठंच काहीतरी असणार.”

“बोर्ड कापायचं मशीन घेतोय, ताई. मोठं. अख्खा बोर्ड त्यावर आडवा बसतो.”

“घे की. मी कुठे नाही म्हणतेय?”

“ते खिडकीपाशी बसेल.”

“खिडकीपाशी माझा बाक आहे.”

“तेच म्हणतोय,” गट्टू म्हणाला आणि चहात बघू लागला.

मग त्याने पाठ करून आणल्यासारखं सगळं सांगून टाकलं. ताईने आता पुढे बसावं. पंख्याखाली. चांगली गादीची खुर्ची आहे. गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचे, दोन गोड शब्द बोलायचे.

“मी? गोड शब्द?” ताई म्हणाली. मागे पॉलिशवाल्याला जोराचा खोकला आला.

“हात गेलाय तुझा, ताई. कुणीतरी सांगायला हवं ना?”

“जातोय कुठे? हा काय, इथेच आहे. गेला असता तर मी शोधून आणला असता.”

“चेष्टा नको. परवा त्या टेबलाच्या माथ्याचं काय झालं, ते मी पाहिलंय.”

ते मात्र खरं होतं. टेबलाचा माथा म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेल्या फळ्या. कडांना सरस लावायचा, फळ्या एकमेकींना भिडवायच्या आणि सरस आटायच्या आत क्लॅम्प लावून आवळायच्या. कारखान्यात लोखंडी क्लॅम्प होते, आट्यांचे. एका हाताने फळी दाबून धरायची आणि दुसऱ्याने मूठ फिरवत राहायची, फिरवत राहायची, की जबडा कुठे थोडा पुढे सरकणार. ताईचं उजवं मनगट आता फिरतच नव्हतं. बोटं अर्धी मिटत, आणि मूठ पिळायला गेलं की खांद्यापर्यंत कळ जाई. डाव्या हाताने ती चौथ्या क्लॅम्पपर्यंत पोचली तोवर पहिल्या सांध्यातल्या सरसावर साय धरली होती. अख्खा माथा उकलून, खरवडून काढावा लागला. ते खरवडताना तिला रडू आलं होतं, आणि गट्टूने नेमकं तेव्हा दारातून डोकावलं होतं.

तरी ती म्हणाली, “मशीन ठेवायचंय ना? मग तुझा बाक हलव. त्याच्यावर डब्यांशिवाय कोण काम करतंय?”

गट्टू दुखावला. “माझा? मालकाचा बाक काढायचा? गिऱ्हाईक आत डोकावलं की पहिला तो दिसतो, ताई. लोक काय म्हणतील?”

“आणि माझा काढला तर लोक काय म्हणतील?”

“म्हणतील की भावाने बहिणीची काळजी घेतली.”

वाईट बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. काळजी करणाऱ्यापुढे माणूस आडवा होतो. ताईने चहा तसाच ठेवला. गट्टू जाता जाता म्हणाला, “महिनाअखेरीला येतंय मशीन,” आणि दार ओढून घेतलं, तेही हळूच, आजाऱ्याच्या खोलीचं ओढावं तसं. ते हळूच ओढणं तिच्या डोक्यात गेलं.

ज्या सायकलवरून पडून ताईचा हात मोडला होता, ती सायकल अजून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे पडून होती. संध्याकाळी ती सायकल विकून टाकायला ताई तिथे गेली. गिऱ्हाईक आलेलंच होतं, एक ठेंगणी बाई. सायकलवाल्याने सीटखालची एक छोटीशी दांडी एका बोटाने उलटी केली, सीट खाली दाबलं आणि दांडी पुन्हा सुलटी केली. सीट जागच्या जागी घट्ट. ताईने स्वतःचं सीट कधी हलवलंच नव्हतं.

“हे काय केलंस?” ताईने विचारलं.

“सीट खाली घेतलं.”

“ते दिसलं मला. पान्याशिवाय कसं केलंस? परत कर.”

त्याने परत केलं. टक, सैल. टक, घट्ट.

“परत कर.”

“ताई, सीट झिजेल.”

“विकत घेणाऱ्या बाईंना चालतंय, तुला काय होतंय?” त्या बाई कंटाळून निघून गेल्या, तरी ताई तिथेच उकिडवी बसून ती दांडी उघडत मिटत राहिली. दांडीचं डोकं गोल होतं, पण त्यातलं भोक मधोमध नव्हतं. एका अंगाला सरकलेलं. म्हणून दांडी फिरवली की डोक्याची जाड बाजू पुढे येऊन दाबत होती. पिळायचं नाही, फिरवत बसायचं नाही. नुसतं ढकलायचं. आणि ढकलायला बोटं लागत नाहीत, मनगट लागत नाही, तळहाताची टाच पुरते. ताईने उजव्या तळहाताच्या टाचेने दांडी ढकलून पाहिली. दुखलं. पण दांडी बसली.

सायकल विकायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताई उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात शिरली. कारखान्यातला कचरा म्हणजे तिच्या दृष्टीने दौलतच. कठीण लाकडाची एक सरळ पट्टी घेतली. पट्टीच्या टोकाला एक जबडा पक्का बसवला. दुसरा जबडा पट्टीवर मागेपुढे सरकेल असा ठेवला, आणि तो निसटू नये म्हणून पट्टीच्या पुढून-मागून दोन खिळ्याएवढ्या सळया त्यातून आरपार घातल्या. सरकत्या जबड्याच्या तोंडाला करवतीने एक लांब चीर पाडली, म्हणजे पुढचा पातळ ओठ थोडा लवेल. आणि त्या चिरेत बसवला घोडा. बंदुकीला असतो तसा हा लाकडी घोडा, आंगठ्याएवढ्या जाडीचा, गोल डोक्याचा, लांब शेपटीचा. तो उलटा केला की जबडा मोकळा, सुलटा ढकलला की पुढचा ओठ कामावर दाबला जाणार. कागदावर सगळं अगदी सोपं. कागदाला काय जातंय?

पहिल्या घोड्याचं भोक फार कमी सरकवलं होतं. तो दाबायचाच नाही, नुसता हालायचा. दुसऱ्याचं भोक फार सरकलं. तो असा दाबला की हात काढताक्षणी उसळून ताईच्या हनुवटीला लागला. पॉलिशवाला धावत आला, “ताई, लागलं?” ताई म्हणाली, “लागलं. म्हणजे जोर आहे!” तिसराही फुकट गेला. चौथा बसला. तिने दोन तुकडे त्यात धरून उचलले, हलवले, टेबलावर आपटले. सुटले नाहीत. त्या दिवशी जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं.

आणि मग तिने आठ क्लॅम्प केले. एकटीने, डाव्या हाताने करवत धरून, उजव्या कोपराने लाकूड दाबून. जिथे नीट बसलं नाही तिथे पुन्हा केलं. गट्टू येता जाता बघायचा आणि मान हलवायचा. “घोडामैदान लांब नाही, ताई,” एकदा तो म्हणाला. “असू दे,” ताई म्हणाली. “मला लांबचं दिसतंही नीट.”

आठही क्लॅम्प तयार झाले तेव्हा ते इतके देखणे दिसत होते की तिला आवरलं नाही. तिने काचकागदाने ते आरशासारखे गुळगुळीत केले आणि मग मेण लावलं. त्यांच्या कारखान्यात मेणाचा बोळा फिरल्याशिवाय वस्तू बाकावरून खाली उतरत नसे. ताई-गट्टूच्या बाबांची तशी शिस्तच होती. रंध्याच्या मुठीला मेण, खुंट्यांना मेण, खुर्चीच्या खालच्या अंगाला, जिथे बघायला फक्त मुंग्या जातात, तिथेही मेण. ताईचा हात मेणाच्या डब्याकडे न सांगता जायचा. तसा तो गेला.

मग तिने हात दाखवून अवलक्षण केलं. गट्टूला बोलावलं. “ये. बघ. आणि त्या मशीनवाल्याला कळव की जागा दुसरी शोधा म्हणून.”

गट्टू आला. दाराआडून पॉलिशवाला आला. गट्टूची बायको घरून डबा घेऊन आली होती, तीही डबा हातात घेऊन उभी राहिली. ताईने फळ्यांच्या कडांना सरस लावला, फळ्या भिडवल्या आणि एकामागून एक क्लॅम्प चढवले. जबडा सरकव, घोडा ढकल. जबडा सरकव, घोडा ढकल. आठवा घोडा बसला तेव्हा पहिल्या सांध्यातून सरसाचे टपोरे मणी बाहेर आले होते, अजून ओले, अजून पांढरेशुभ्र. ताई मागे सरली आणि तिने कमरेवर हात ठेवले.

“वा,” गट्टू म्हणाला. खरं मनापासून म्हणाला.

आणि पहिला घोडा आपोआप मागे फिरला. कुणी हात लावला नव्हता. मग तिसरा. मग दुसऱ्या टोकाचा जबडाच पट्टीवरून सुळकन मागे घसरला आणि क्लॅम्प जमिनीवर पडला. टक, टक, धप्प. फळ्यांमध्ये फटी पडल्या. ताई एक दाबायला गेली तर दुसरा सुटला, दुसरा धरला तर चौथा सुटला, आणि शेवटी ती दोन्ही हातांनी फळ्या धरून तशीच उभी राहिली.

गट्टू हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. तो पुढे झाला, त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “राहू दे, ताई. पुष्कळ केलंस आयुष्यभर.” पॉलिशवाल्याने मान वळवली.

“हात काढ,” ताई म्हणाली.

“अगं पण—”

“खांद्यावरचा हात काढ, गट्टू.”

त्याने काढला. “सोमवारी माणसं येतील बाक हलवायला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला आणि पुढे निघून गेला.

ताईने फळ्या उकलल्या. सरस खरवडला. रडली नाही, कारण राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. खाली पडलेला क्लॅम्प उचलायला वाकली तर तो तिच्या हातातूनही निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. आणि तिसऱ्यांदा निसटला तेव्हा ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

“मेण!” ती ओरडली. “अगं बाई, मेण लावलंय मी!”

गट्टूची बायको अजून तिथेच होती. “लावलं तर काय झालं? चांगलं दिसतंय की.”

“दिसतंय ना? तेच तर. अगं, सरकता जबडा पट्टीला तिरका धरून बसतो म्हणून क्लॅम्प धरतो. लाकूड लाकडाला चावलं पाहिजे. मी त्याला तूपच चोपडलं! पकडायची वस्तू, आणि गुळगुळीत केली! दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मी त्याला कामावरून काढलं असतं.”

“मग काढा स्वतःला,” भावजय म्हणाली, “म्हणजे यांचा त्रास तरी वाचेल.” आणि दोघी हसल्या. हसता हसता भावजय म्हणाली, “आता काय करायचं?”

“सगळं खरवडायचं. पट्ट्या खरखरीत करायच्या. आणि घोड्यांच्या डोक्याला कातडं लावायचं, म्हणजे धरतील. जुनं कातडं आहे का घरी काही?”

भावजयीने थोडा विचार केला. “यांचा पट्टा आहे कपाटात. तीन वर्षं झाली, पोटावर येत नाही. आता येईल असंही वाटत नाही.”

असे आठ घोडे शेठच्या पट्ट्याच्या तुकड्यांवर उभे राहिले. क्लॅम्प आता दिसायला अगदीच गबाळे होते. ओरखड्यांनी भरलेल्या पट्ट्या, डोक्यांना तपकिरी ठिगळं. बाबांनी पाहिले असते तर कुणाचं काम म्हणून विचारलं असतं. ताईला पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. “तुमचं मेण तुमच्यापाशी,” ती पुटपुटली आणि दोन फळ्या आवळून, त्यावर स्वतः उभी राहून पाहिली. कशाला सुटतायत!

सोमवारी हमाल आले तेव्हा ताईच्या बाकावर एका मोठ्या टेबलाचा माथा आवळलेला होता. सांध्यांतून सरस ओघळत होता.

हमालांचा मुकादम जुना होता, सुतारांच्या घरातलं सामान हलवून म्हातारा झालेला. त्याने पाहिलं आणि हात मागे घेतला. “शेठ, सरस ओला आहे,” तो म्हणाला.

हा त्या कारखान्यातला एकमेव कायदा होता. ओल्या सरसाला हात लावायचा नाही. जोडलेलं काम वाळेपर्यंत हलवायचं नाही, त्याखालचा बाक हलवायचा नाही, पाऊल आपटायचं नाही, दारसुद्धा दाणकन लावायचं नाही. आग लागली तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही आधी आग किती मोठी आहे ते बघायचं, असं बाबा म्हणत. गट्टूही याच कायद्यात वाढला होता. सहा वर्षांचा असताना त्याने ओल्या खिडकीला नुसतं बोट लावलं म्हणून त्याला रात्रीचं जेवण मिळालं नव्हतं.

“दुपारी या,” गट्टू म्हणाला.

“दुपारी आम्हाला दुसरं काम आहे. उद्या येतो.”

दुपारी ताईने माथा उतरवला आणि लगेच दुसरा चढवला. कामाला तोटा नव्हता. तिचा हात मोडल्यापासून टेबलं, दारं, खिडक्या भिंतीला टेकून तशीच पडून होती. आट्यांचे क्लॅम्प लावण्यात जो वेळ जायचा, त्याच्या पाव भागात घोडे बसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल आले तर बाकावर दरवाजा, ओला. तिसऱ्या दिवशी आले तर खिडकीच्या चौकटी, ओल्या. मुकादम उंबऱ्यावर बसून विडी काढायचा, विडी संपेपर्यंत बाकाकडे कौतुकाने बघायचा आणि उठून जायचा. पॉलिशवाल्याकडे तयार कामाचा एवढा ढीग झाला की त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. ‘सांभाळून बरं का’ तो कधीच विसरला होता.

पण गट्टू विसरला नव्हता. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर त्याला फोन येत होते, मशीन कधी उतरवायचं म्हणून. आणि बहीण समोर काही बोलत नव्हती, भांडत नव्हती, नुसती कामं करत होती. त्याचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. शेवटी मशीनच टेम्पोत घालून दारात आलं, हमालही आले, आणि बाकावर होता जेवणाच्या टेबलाचा माथा, सगळ्यात मोठा, आठही घोडे चढलेले, सरस नुकता लावलेला.

गट्टूचा चेहरा लाल झाला. “बास झालं! हा काय पोरखेळ लावलायस, ताई?”

“पोरखेळ? गिऱ्हाइकाचं काम आहे. तूच घेतलंस.”

“उचला बाक,” तो हमालांना म्हणाला. कुणी हललं नाही. मुकादम पुन्हा म्हणाला, “शेठ, सरस—”

“ओला आहे, माहीत आहे मला! मग आधी हे सोडतो,” असं म्हणून गट्टू बाकापाशी आला आणि त्याने पहिल्या घोड्यावर आंगठा ठेवला. झटक्यात लागणारा क्लॅम्प झटक्यात सुटतोही, हे ताईला माहीत होतं. बनवताना तिला त्याचा अभिमानच वाटला होता.

“गट्टू,” ती म्हणाली. “ओला आहे.”

त्याने घोडा उलटा केला. टक.

ताईने तो लावला. टक. तळहाताची टाच मारली आणि बसवला, सांधा हलायच्या आत.

त्याने दुसरा सोडला. तिने लावला. त्याने तिसरा आणि चौथा एकदम सोडले, दोन्ही हातांनी. तिने एक टाचेने लावला, एक कोपराने. गट्टू बाकाला वळसा घालून पलीकडे गेला, पोट आवरत, धापा टाकत. ताईला वळसा घालावा लागत नव्हता, तो बाक तिच्याच हाताच्या अंतराने बांधलेला होता. तो सोडत गेला, ती लावत गेली. पन्नाशीची दोन माणसं, टक टक टक टक, आणि बाजूला चार हमाल आणि एक पॉलिशवाला आ वासून उभे. सातवा त्याने सोडला, आणि आठव्याकडे हात नेण्याआधी तिने सातवा लावून आठव्यावर हात ठेवला होता.

“सोड की,” ती म्हणाली. तिलाही दम लागला होता. “हा राहिलाय. सोड. दिवसभर सोड. मी दिवसभर लावीन.”

गट्टूने तिच्या त्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. मग पुन्हा हाताकडे.

“उजवा आहे हा,” तो म्हणाला.

“मग? डावा दिसतोय?”

“उजव्याने लावत होतीस तू? सगळे?”

“तूच म्हणालास ना गेला म्हणून? पुन्हा एकदा नीट बघून घे.”

गट्टूने वाकून सांध्याकडे पाहिलं, नखाने रेघ चाचपली. सात वेळा सोडून, सात वेळा लावून सांधा जराही सरकला नव्हता. फळी कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते शोधावं लागत होतं. तोही शेवटी सुताराचाच मुलगा होता, आणि त्याला आपण काय करायला निघालो होतो ते कळलं. त्याचे कान लाल झाले.

“बरं,” तो म्हणाला. “राहू दे तुझा बाक.”

“राहू दे? राहू दे म्हणणारा तू कोण? बाक मी बांधला, काम मी करते. तो राहतोय. मी परवानगी मागितली नव्हती, तेव्हा देऊ पण नकोस.”

“बरं, बाई.”

“आणि त्या कडेने सरस ओघळतोय. पूस.”

गट्टूने खुंटीवरचं ओलं फडकं घेतलं आणि ओघळ पुसला. अगदी नीट, सांध्याच्या रेघेवरून, लहानपणी शिकवलं होतं तसा. पुसताना तो खाली बघत होता, आणि पुसून झाल्यावरही त्याने फडकं लगेच ठेवलं नाही.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मुकादम डोकं खाजवत म्हणाला, “मग शेठ, उचलायचं काय? ते मशीन तर उतरवायलाच लागेल.”

गट्टूने शेडभर नजर फिरवली. एका बाजूला तयार दारांचा ढीग, एका बाजूला बोर्ड. मोकळी जागा कुठेच नव्हती.

“तो उचला,” तो म्हणाला.

“कुठला?”

“दाराजवळचा. माझा.”

हमालांनी डबे उतरवायला सुरुवात केली. डब्यांखाली लाकडावर रंगांची गोल गोल वर्तुळं पडली होती, आणि त्यांच्यामधून बाकाच्या कडेवर पटाशीचे जुने घाव दिसायला लागले. गट्टू शिकायला लागला तेव्हाचे होते ते, चुकलेले. शेवटचा डबा गट्टूने स्वतः उचलला आणि तो हातात घेऊन बाजूला उभा राहिला. मुकादमाने चौघांना चार कोपरे वाटून दिले.

ताईला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं, ते थांबले असते. ती म्हणाली नाही.